फटफटीचं पाणी

तुमच्या फोनचा चार्जर किती वॅटचा आहे, एकदा वाचून बघा. अगदी बारीक अक्षरात छापलेलं असतं. हल्ली ३३, ४५, ६७ असे आकडे सर्रास दिसतात. आता १९६० च्या दशकातली जावा २५० घ्या. तिच्या डायनामोची ताकद ४५ वॅट. तेवढ्यात हेडलाइट, मागचा दिवा, हॉर्न, इंजिनात पेट्रोल पेटवणारी ठिणगी, आणि यातून काही उरलंच तर बॅटरीचं चार्जिंग. तुमच्या खिशातल्या फोनला जेवढी वीज लागते, तेवढ्यात दोन माणसं आणि एक पोतं घेऊन ही गाडी रात्रीच्या वेळी जतहून उमदीकडे निघायची. रस्त्याला दुसरा दिवा नाही. बॅटरी उतरलेली असली तर दिवा आधी पिवळा, मग तांबूस, आणि मग इंजिनही गप्प.

जुन्या मोटरसायकलींबद्दल आपल्याकडे बोललं जातं ते आवाजाबद्दल, टाकीच्या रंगाबद्दल, ‘तेव्हाचं लोखंड’ याबद्दल. वायरिंगबद्दल कुणी हळवं होत नाही. पण खेड्यात कुठली गाडी टिकली आणि कुठली गोठ्यात कोंबड्यांच्या खाली गेली, हे लोखंडापेक्षा विजेनं जास्त ठरवलं. आणि जतसारख्या तालुक्यात ते पाण्यानंही ठरवलं, असं माझं मत आहे.

जत म्हणजे सांगली जिल्ह्याचं पूर्वेचं टोक. पलीकडे विजापूर. बाजारात मराठी आणि कन्नड एका वाक्यात ऐकू येतात. डफळे घराण्याचं हे संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं, १९४९ मध्ये ते नव्या दक्षिण सातारा जिल्ह्यात आलं, आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्याचं नाव सांगली झालं. तालुका क्षेत्रफळानं राज्यातल्या मोठ्या तालुक्यांपैकी, गावं शंभराहून जास्त, पाऊस कमी, अंतरं लांब. जत रोड नावाचं रेल्वे स्टेशन आहे, पण ते जतमध्ये नाही; नावातला ‘रोड’ त्याचीच कबुली देतो. अशा मुलखात सायकलच्या पुढची पायरी म्हणजे फटफटी. ती चैन कमी आणि गरज जास्त होती.

फटफटीचं पाण्याशी नातं बॅटरीच्याही आधीचं आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या मोटरसायकलींना विजेचा दिवाच नसे. त्यांना कार्बाइडचा दिवा असे. वरच्या कप्प्यात पाणी, खालच्या कप्प्यात कॅल्शियम कार्बाइडचे खडे. पाणी थेंबाथेंबानं खड्यांवर पडलं की अ‍ॅसिटिलीन वायू तयार व्हायचा आणि तो पेटवला की पांढराशुभ्र उजेड. जत्रेतल्या दुकानांत जी वास मारणारी गॅसबत्ती असायची, तिचीच ही बहीण. पाणी संपलं की दिवा संपला. दिव्याची देखभाल म्हणजे खालचा राखेसारखा चुना रोज खरवडून काढणं आणि पाण्याची बारीक भोकं सुईनं मोकळी करणं.

ठिणगीचा प्रश्न मात्र वेगळ्या वाटेनं सुटला. जर्मनीत बॉशच्या कारखान्यात १९०२ च्या सुमारास उच्च दाबाचा मॅग्नेटो तयार झाला. लोहचुंबक, त्याच्या क्षेत्रात फिरणारी तारेची गुंडाळी, आणि ती गुंडाळी फिरवणारं गाडीचंच इंजिन. बॅटरी नाही, पाणी नाही, बाहेरून काहीच नको. किक मारली की गुंडाळी फिरते आणि प्लगवर ठिणगी पडते. ब्रिटिश कारखाने सुरुवातीला हे मॅग्नेटो बॉशकडूनच घेत. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झालं, जर्मन माल बंद झाला आणि ब्रिटनची धावपळ उडाली. त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या लुकास कंपनीनं मॅग्नेटो बनवणारी एक कंपनी विकत घेतली. पुढची ५०-६० वर्षं ब्रिटिश गाड्यांची वीज म्हणजे लुकास, असंच समीकरण झालं. गाडीचे दिवे इतक्या वेळा गेले की इंग्रज लोकांनी लुकासला ‘अंधाराचा राजपुत्र’ अशी पदवी दिली. ती थोडी अन्यायाची आहे. निम्म्या वेळा दोष गंजलेल्या जोडांचा असतो, आणि ते साफ ठेवणं हे मालकाचं काम.

दुसऱ्या महायुद्धात लष्करानं बीएसए एम२०, नॉर्टन १६एच अशा गाड्या हजारोंनी वापरल्या आणि युद्ध संपल्यावर जुन्या म्हणून विकल्या. हिंदुस्थानातल्या अनेक पहिल्या फटफट्या अशाच आलेल्या. त्यांच्यात लुकासचा ‘मॅगडायनो’ असे. एकाच सांगाड्यात खाली मॅग्नेटो आणि वर डायनामो. ठिणगी मॅग्नेटोची, दिवे डायनामो आणि बॅटरीचे. या रचनेतला शहाणपणा बघा: बॅटरी मेली तरी गाडी घरी येते, फक्त अंधारात येते.

पण मॅग्नेटोच्या पोटातही एक गंमत होती. गुंडाळीच्या तारा एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्यांच्यावर लाखेचा लेप द्यायचे. त्या काळात जगात लाख पुरवणारा मोठा देश आपणच. म्हणजे आपल्याकडच्या पळसा-कुसुंबाच्या झाडांवरची लाख जहाजानं बर्मिंगहॅमला जायची, तारेवर बसायची आणि मोटरसायकलच्या पोटातून परत यायची. बांगडीवाल्या कासाराला विचारलं असतं तर त्यानं सांगितलं असतं, लाख तापली की मऊ होते. इंजिनाला चिकटून बसलेला मॅग्नेटो, वर मे महिन्याचं ऊन. लाख सुटायची आणि आर्मेचर आतल्या आत अडकायचं. सकाळी एका किकमध्ये सुरू होणारी आणि दहा किलोमीटरवर तापून बंद पडणारी, तासाभरानं गार झाली की परत सुरू होणारी जुनी ब्रिटिश गाडी तुम्ही पाहिली असेल, तर संशय मॅग्नेटोच्या गुंडाळीवर किंवा तिच्या कंडेन्सरवर घ्या. कार्बोरेटर उगाच खोलू नका. आज ही गुंडाळी नव्यानं भरून घेताना लाखेऐवजी इपॉक्सी वापरतात आणि उष्णतेचा तो त्रास संपतो.

मग गाड्या इथंच बनायला लागल्या. १९५५ मध्ये रेडिचची रॉयल एनफिल्ड आणि मद्रास मोटर्स यांनी मिळून एनफिल्ड इंडिया काढली आणि बुलेट देशी झाली. १९६१ पासून म्हैसूरच्या आयडियल जावामधून जावा बाहेर पडू लागली; तीच पुढे येझदी. १९६२ मध्ये एस्कॉर्ट्सनं पोलंडच्या एसएचएल गाडीवरून राजदूत आणली. वरवर तिघी सारख्याच, पण विजेच्या बाबतीत राजदूत वेगळी निघाली.

जावाला ठिणगी बॅटरी आणि कॉइलमधून मिळे. बुलेटमध्येही मॅग्नेटोची जागा पुढे अल्टरनेटर, कॉइल आणि पॉइंट यांनी घेतली. कारखान्याला हे स्वस्त, आणि बॅटरी चांगली असेल तर कमी वेगातही ठिणगी दणकट. पण आता बॅटरी ही दिव्यापुरती उरली नाही, गाडीचा जीवच तिच्यात गेला. राजदूतमध्ये मात्र चाकासारखा फिरणारा फ्लायव्हील मॅग्नेटो होता. बॅटरी काढून घरी ठेवा, गाडी चालेल. पुढे १९७२ मध्ये अहमदनगरला कायनेटिकची लूना आली, तीही याच तत्त्वावर. राजदूत आणि लूना खेड्यात एवढ्या का शिरल्या याची कारणं किंमत, मायलेज, दणकटपणा अशी सांगतात. ती खरी आहेतच. त्यात मी एक जोडेन: त्यांना चार्जिंगच्या दुकानाची गरज नव्हती.

कारण चार्जिंग करायचं कुठं? महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये स्थापन झालं. कोयनेची वीज त्याच दशकात सुरू झाली. कोयना साताऱ्यात, म्हणजे तशी शेजारीच. पण तारा आधी मुंबईकडे आणि कारखान्यांकडे गेल्या. पूर्वेच्या दुष्काळी वाड्यावस्त्यांपर्यंत पोचायला बराच काळ गेला. अशा कित्येक घरांत दारात उभ्या असलेल्या फटफटीचा हेडलाइट हाच पहिला विजेचा दिवा. वीज नसलेल्या गावांत ऑइल इंजिनावर डायनामो फिरवून बॅटऱ्या भरायची पद्धत होती. तिथं मोटरसायकलच्या बॅटरीशेजारी रेडिओची आणि लाऊडस्पीकरची बॅटरीही रांगेत बसलेली असे. बाजाराच्या दिवशी बॅटरी पिशवीतून न्यायची, दुकानात ठेवायची, पुढच्या बाजाराला आणायची. मधल्या आठवड्यात गाडी धक्का मारून.

या दुकानांचं शास्त्र पक्कं होतं. ६ व्होल्टच्या बॅटरीत तीन सेल, प्रत्येक सेल दोन व्होल्टचा. शिसाच्या पट्ट्या आणि मध्ये पाणी मिसळलेलं सल्फ्युरिक अ‍ॅसिड. फ्रान्समध्ये गास्तों प्लांतेनं १८५९ मध्ये शोधलेली ही रचना आजही मुळात तीच आहे. बॅटरी उतरते तसं अ‍ॅसिड पट्ट्यांत जातं आणि द्राव पातळ होतो. भरते तेव्हा अ‍ॅसिड परत द्रावात येतं. त्यामुळे द्रावाचा दाटपणा मोजला की बॅटरीचं पोट कळतं. त्यासाठी काचेची हायड्रोमीटर नळी. पूर्ण भरलेल्या बॅटरीत ती १.२६-१.२८ दाखवते, उतरलेलीत १.१५ च्या खाली. उष्ण देशांसाठी द्राव मुद्दाम थोडा पातळ, १.२४ च्या आसपास ठेवायचे, कारण दाट अ‍ॅसिड उन्हाळ्यात पट्ट्या लवकर खातं. भरण्याचा वेग बॅटरीच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्शाचा. म्हणजे १२ अँपिअर-अवरच्या बॅटरीला १.२ अँपिअर, दहा-बारा तास. घाईनं जास्त करंट दिला की द्राव उकळल्यासारखा बुडबुडतो, पट्ट्या वाकतात आणि त्यांवरचा लेप झडून तळाशी गाळ होतो. गाळ पट्ट्यांना टेकला की सेल बसला. एक सेल बसला की ६ ची बॅटरी ४ ची होते आणि मग कितीही भरा.

आता पाणी. चार्जिंगमध्ये आणि उन्हानं बॅटरीतलं पाणी उडतं, अ‍ॅसिड उडत नाही. म्हणून वरून टाकायचं ते फक्त पाणी, अ‍ॅसिड नाही. आणि तेही डिस्टिल्ड. ‘जोर कमी झालाय’ म्हणून अ‍ॅसिड ओतणाऱ्यांनी जेवढ्या बॅटऱ्या मारल्या असतील, तेवढ्या खड्ड्यांनीही नसतील. जतच्या विहिरी-बोअरचं पाणी जड. भांड्याच्या तळाला पांढरा थर देणारं. त्यातलं क्लोराइड धन पट्टीची जाळी कुरतडतं आणि लोहाचा अंश बॅटरी उभ्या उभ्या उतरवतो. उकळून गार केलेलं पाणी चालेल हा समज तर उलटाच आहे. उकळल्यावर वाफ जाते आणि बहुतेक क्षार मागे राहतात. चालतं ते वाफेचं पाणी, किंवा अगदीच अडलं तर काचेच्या किंवा मातीच्या भांड्यात थेट आकाशातून धरलेलं पावसाचं, पत्र्यावरून ओघळलेलं नव्हे. ज्या तालुक्यात पावसाची वाट माणसं आणि गुरं बघतात, तिथं बॅटरीही बघायची. १९७२ च्या दुष्काळात प्यायच्या घागरीसाठी मैल मैल चालणाऱ्या मुलखात डिस्टिल्ड वॉटरची बाटली मिरजेहून किंवा सांगलीहून मागवायची, हे ऐकायला विचित्र वाटतं. पण गाडी सरकारी कामाची असेल, दवाखान्याची असेल, तर ती बाटली लागायचीच.

आता म्हैसाळ योजनेचं पाणी तालुक्याच्या काही भागात पोचलं आहे आणि गावोगावी आरओचे जार मिळतात. म्हणून एक सांगून ठेवतो: आरओचं पाणी डिस्टिल्ड नसतं. टीडीएस मीटरवर ४०-५० आलं की आपल्याला ते गोड लागतं, पण त्यात क्षार असतातच. पेट्रोल पंपावर किंवा बॅटरीच्या दुकानात मिळणारी सीलबंद बाटलीच घ्या.

तुमच्या आजोबांची अशी एखादी गाडी घरात उभी असेल आणि ती उठवायची असेल, तर वायरिंगपाशी पहिला दिवस घालवा. ६ व्होल्टच्या गाडीचं दुखणं साध्या गणितात आहे. २४ वॅटच्या हेडलाइटला १२ व्होल्टवर २ अँपिअर करंट लागतो, ६ व्होल्टवर ४. जोड गंजून वाटेत ०.२ ओहमचा अडथळा आला तर ६ व्होल्टच्या गाडीत ०.८ व्होल्ट तिथंच गळतात, म्हणजे १३ टक्के. आणि बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा खूप वेगानं घटतो. १३ टक्के व्होल्ट गेले की उजेड ३५-४० टक्के जातो. ‘सिक्स व्होल्टचा दिवा म्हणजे काजवाच’ असं जे म्हणतात, त्यातला बराचसा काजवा या जोडांमध्ये असतो. बॅटरीपासून चॅसीपर्यंतची अर्थिंगची वायर काढा, रंग खरवडून चकाकतं लोखंड दिसू द्या, परत घट्ट बसवा. हेडलाइटच्या भांड्याला स्वतंत्र अर्थ द्या, कारण तिथं अर्थ बहुतेकदा गंजलेल्या स्क्रूमधून किंवा हँडलच्या बेअरिंगमधून जात असतो. बॅटरीच्या टर्मिनलवर जमलेली पांढरी-निळी बुरशी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा (सोडा सेलमध्ये जाऊ देऊ नका), कोरडं करा आणि वर व्हॅसलीन लावा. जुन्या कापडी वेष्टनाच्या वायरी वाकवल्यावर तडकत असतील तर जोडत बसू नका, पूर्ण नवीन वायरिंग घाला. आणि बॅटरीजवळ एक फ्यूज टाका, मूळ गाडीत नसला तरी.

काही जुन्या ब्रिटिश गाड्यांत धन टोक चॅसीला जोडलेलं असतं, आजच्या उलट. बॅटरी बसवताना सवयीनं काळी वायर अर्थला लावली आणि गाडीत रेक्टिफायर असला की तो धूर सोडतो. डायनामोच्या गाडीत प्रकार निराळा. डायनामोच्या लोखंडात थोडं चुंबकत्व शिल्लक राहतं आणि त्यावरच तो वीज बनवायला सुरुवात करतो. गाडी वीस वर्षं उभी राहिली की ते पुसट होतं. मग मिस्त्री बॅटरीची वायर डायनामोच्या फील्डच्या टोकाला क्षणभर टेकवतो, छोटी ठिणगी पडते, आणि डायनामोला आपली दिशा परत आठवते. हे काम दोन सेकंदांचं आहे, पण ते माहीत नसल्यामुळे चांगले डायनामो भंगारात गेलेले आहेत.

राजदूत किंवा लूना असेल तर बल्बच्या वॅटवर लक्ष ठेवा. तिथं वीज इंजिनाच्या वेगाबरोबर वाढते आणि दिवेच ती पिऊन टाकतात. मागचा बल्ब उडाला की त्याच्या वाटणीची वीज पुढच्याकडे जाते आणि तोही उडतो. लोक म्हणतात गाडी बल्ब खाते. ती खात नाही, तुम्ही तिला चुकीच्या वॅटचा बल्ब दिलेला असतो.

सगळी गाडी १२ व्होल्टची करून टाकावी का? मिस्त्री हेच सुचवतील, कारण ६ व्होल्टची चांगली बॅटरी आणि बल्ब शोधायला आता वणवण करावी लागते. रोज वापरायची असेल तर करा, मला त्यात पाप वाटत नाही. मात्र काढलेला कट-आऊट, जुना रेग्युलेटर, कॉइल हे सगळं एका डब्यात चिठ्ठी लावून जपून ठेवा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुन्या दुचाकीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंद होते आणि ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर मिळतो, पण गाडी मूळ रूपात जपलेली असावी लागते. शिवाय ती रोजच्या वापराला चालत नाही. दूध घालायला जाणाऱ्या येझदीला हा नियम काय कामाचा, ते दिल्लीत बसून कळणं अवघड आहे.

गाडी चालवणार नसाल तेव्हा बॅटरी काढून सावलीत ठेवा. तापमान दर दहा अंशांनी वाढलं की बॅटरी आपोआप उतरण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, आणि जतच्या पत्र्याच्या शेडमधला एप्रिल तुम्हाला ठाऊक आहे. उतरलेल्या अवस्थेत महिना-दोन महिने पडून राहिली की पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक बसतात आणि मग चार्जर लावूनही ती भरत नाही. महिन्यातून एकदा हळू चार्जिंग पुरतं.

बुलेटच्या हेडलाइटच्या डोक्यावर एक छोटा गोल अँपिअर मीटर असतो. नव्या पोरांना ती शोभा वाटते. चावी फिरवा, किक हळूहळू पायानं दाबत न्या आणि काट्याकडे बघत राहा. पॉइंट मिटलेले असताना कॉइल बॅटरीतून वीज ओढते आणि काटा डावीकडे, उणेकडे झुकतो. पॉइंट उघडले की तो मध्यावर येतो. पिस्टन योग्य जागी आल्याची ती खूण. तिथं डीकॉम्प्रेसर दाबून किक थोडी पुढे सरकवा, सोडून द्या, आणि मग एकच पूर्ण किक. किक दाबताना काटा हललाच नाही तर आधी पॉइंट साफ करा, साधारण ०.३८ मिलिमीटरची फट, गेज नसेल तर दाढीची चार पाती एकत्र धरून अंदाज येतो. पात्यांनीही काटा हलला नाही, तर सीटखाली जा आणि बॅटरीतलं पाणी बघा.